संकल्पना नकाशे सगळ्यांनी मिळून करायचे तर: सामायिक फोल्डरची मांडणी, परवानग्या आणि नेहमीच्या अडचणी

विज्ञानाच्या तीन शिक्षिका मिळून ‘जलचक्र’ या घटकाचा संकल्पना नकाशा (चौकटींत संकल्पना आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांवर शब्द लिहिलेली आकृती) करत असतील, तर पहिल्याच आठवड्यात गटावर चार फायली फिरायला लागतात: ‘जलचक्र’, ‘जलचक्र नवीन’, ‘जलचक्र अंतिम’ आणि ‘जलचक्र अंतिम खरं’. एकीत बाष्पीभवनाचा फोटो आहे, दुसरीत ‘संघनन’ दुरुस्त केलंय, तिसरीत यातलं काहीच नाही. यावर इलाज एकच. फाइल कोणाला पाठवायची नाही. ती एका जागी ठेवायची आणि सगळ्यांनी तिथे यायचं.

ती जागा कशी उभारायची ते इथे दिलं आहे. उदाहरण ‘सीमॅपटूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरचं घेतलंय, कारण ते मुळात याच कामासाठी बनलं. संकल्पना नकाशांची पद्धत जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बसवली. मुलांची विज्ञानातली समज वर्षागणिक कशी बदलते, हे मुलाखतींच्या ढिगातून काढायला त्यांना काहीतरी आटोपशीर साधन हवं होतं. पुढे फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संशोधन संस्थेत अल्बर्टो कान्यास यांच्या गटाने त्यावर हे सॉफ्टवेअर उभं केलं, आणि नकाशा सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक संगणकावर, ठेवून अनेकांनी वापरायची सोय त्यातच दिली.

दोन रस्ते आहेत. इंटरनेट बऱ्यापैकी चालत असेल आणि माणसं वेगवेगळ्या गावी असतील, तर सीमॅपटूल्सचे सर्व्हर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘प्लेसेस’. सगळे एकाच इमारतीत असतील आणि इंटरनेटचा भरवसा नसेल, तर संगणक कक्षातल्या एका विंडोज संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर. गूगल ड्राइव्हसारखा फोल्डर या कामात फार उपयोगी नाही: दोघांनी एकाच वेळी नकाशा बदलला तर ड्राइव्हला ते बदल एकत्र करता येत नाहीत. एकाचं काम पुसलं जातं किंवा एका फाइलच्या दोन होतात. तयार नकाशे साठवायला मात्र तो चांगला.

फोल्डर बनवण्याआधी

आधी कागदावर तीन याद्या करा: कारभारी कोण, नकाशा बदलणारे कोण, नुसते पाहणारे कोण. कारभारी दोन हवेत. एक कमी पडतो, तीन झाले की कोणीच बघत नाही. बदलणाऱ्यांची यादी लहान ठेवा. ज्यांना फक्त सूचना करायच्या आहेत त्यांनी नकाशाला टिपण चिकटवावं, तशी सोय आहे.

फोल्डरही तीनच पुरतात: ‘कच्चे’, ‘तपासणीसाठी’ आणि ‘पक्के’. ‘पक्के’मध्ये बदल करायची परवानगी फक्त कारभाऱ्यांना. विषयवार, इयत्तावार उपफोल्डर नकाशे वीस-पंचवीस झाले की करा. रिकाम्या फोल्डरांची उतरंड आधीच रचून ठेवली की नवा माणूस नकाशा कुठे ठेवायचा या विचारातच अडकतो आणि शेवटी चुकीच्या जागी ठेवतो.

फायलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा. मराठीचा अभिमान बाजूला ठेवून हे सांगावं लागतंय, कारण अडचण खरी आहे. ‘वाऱ्याची दिशा’ यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मग एकाच फोल्डरमध्ये ‘वाऱ्याची दिशा’ नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात आणि शोधल्यावर एकच सापडते. दुसरं, विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅमना पूर्ण मार्गासाठी, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या पत्त्यासाठी, साधारण 260 अक्षरांची मर्यादा असते. ‘प्रकाशसंश्लेषण’ आपल्याला सात अक्षरांचं दिसतं, संगणक त्याची चौदा मोजतो. लांब मराठी नावांचे चार फोल्डर एकात एक ठेवले की कॉपी करताना फाइल अडते. नकाशाचं शीर्षक आणि आतला मजकूर अर्थातच मराठीत असू द्या.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये लिहिलेला नकाशा तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. युनिकोड फॉण्टही सगळ्यांचा एकच ठरवा. विंडोजवर ‘निर्मला यूआय’ ठीक आहे, पण तो मॅकवर नसतो. तिथे दुसरा फॉण्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते, चौकटी एकमेकींवर चढतात. गटात एक जरी मॅकवाला असेल तर चौकटींमध्ये बोटभर जागा जास्त सोडा.

जोडशब्दांचा करार

हा भाग बहुतेक जण वगळतात आणि मग भांडतात. नकाशात संकल्पना, रेघेवरचा जोडशब्द आणि दुसरी संकल्पना मिळून एक विधान होतं. इंग्रजीत क्रियापद मधे येतं, त्यामुळे तिथे ते आपोआप जुळतं. मराठीत क्रियापद शेवटी आणि विभक्ती शब्दाला चिकटलेली. ‘उष्णता’ आणि ‘बाष्पीभवन’ जोडायचे तर एक जण रेघेवर ‘मुळे होते’ लिहितो, वाचायला ‘उष्णता मुळे होते’ असं लंगडं. दुसरा ते सुधारायला म्हणून चौकटीतच ‘उष्णतेमुळे’ करतो. आता नकाशात ‘उष्णता’ आणि ‘उष्णतेमुळे’ अशा दोन चौकटी झाल्या, म्हणजे एका संकल्पनेच्या दोन.

म्हणून ठरवून टाका: चौकटीत शब्द नेहमी मूळ रूपात; विभक्तीचं ओझं रेघेवर, ‘यामुळे’, ‘यासाठी लागते’, ‘याचा प्रकार’ अशा शब्दांनी. दुसरी मेख लिंगाची. सीमॅपटूल्समध्ये एका जोडशब्दातून अनेक फाटे काढता येतात. ‘अतिवृष्टी’पासून ‘यामुळे येतो’ लिहून ‘पूर’ जोडला आणि त्याच जोडशब्दाचा दुसरा फाटा ‘धूप’कडे नेला, की ‘यामुळे येतो धूप’. फाटे फुटणार असतील तिथे क्रियापद टाळा: ‘अतिवृष्टी, याचा परिणाम, पूर’ आणि ‘अतिवृष्टी, याचा परिणाम, धूप’, दोन्ही बिनचूक. असे आठ-दहा जोडशब्द एका कागदावर लिहून तो कागदच सामायिक फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवा.

प्लेसेसवर फोल्डर उभारणं

सीमॅपटूल्स पहिल्यांदा उघडताना नाव, वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड विचारतं. इथे घाईत काहीही टाकू नका. सर्व्हरवर तुम्ही फोल्डर बनवता तेव्हा हीच ओळख त्या फोल्डरचा कारभारी म्हणून नोंदली जाते. शाळेतल्या संगणकावर एक नाव आणि घरच्या लॅपटॉपवर दुसरं टाकलंत, तर घरी बसून तुम्ही स्वतःच्याच फोल्डरला परके. दोन्हीकडे तेच नाव, तोच पासवर्ड, कॅपिटल अक्षरांसकट.

मग मुख्य खिडकीत (‘व्ह्यूज’) डावीकडे ‘शेअर्ड सीमॅप्स इन प्लेसेस’ निवडा. सर्व्हरांची यादी भरायला थोडा वेळ लागतो. यादी रिकामीच राहिली तर बहुधा शाळेच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कची फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी संरक्षक भिंत) आड येते आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा जोडून पाहिलं की पाच मिनिटांत खात्री होते. आयएचएमसीचे ‘पब्लिक सीमॅप्स’ नावाचे सर्व्हर सगळ्यांना खुले आहेत. त्यावर राइट क्लिक करून नवा फोल्डर बनवा. नावात संस्था, विषय आणि वर्ष येऊ द्या. नुसतं ‘विज्ञान’ ठेवलं तर जगभरच्या फोल्डरांच्या गर्दीत ते तुमच्याच माणसांना सापडणार नाही. सापडल्यावर प्रत्येकाने तो फोल्डर ‘फेव्हरिट्स’मध्ये टाकावा, रोजची शोधाशोध वाचते.

आता परवानग्या. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘परमिशन्स’. तिथे माणसांची यादी आणि प्रत्येकासमोर अधिकाराची पायरी दिसते: नुसतं पाहणं, टिपणं जोडणं, बदल करणं आणि सगळा कारभार. दुसऱ्या कारभाऱ्याला इथेच, लगेच नोंदवा. उद्या करू म्हटलेलं हे काम कधीच होत नाही. बाकीच्यांना आपापली पायरी द्या आणि ‘सगळे’ या सर्वसाधारण नोंदीला पाहण्यापलीकडे काही देऊ नका. ‘कच्चे’ फोल्डर बाहेरच्यांनी पाहू नये असं वाटत असेल तर त्यावरून ती नोंद काढूनच टाका. प्रत्येक उपफोल्डरची यादी स्वतंत्र उघडून तपासा.

तपासणी स्वतःच्या संगणकावर करून उपयोग नाही, तिथे तुम्ही कारभारीच असता. दुसऱ्या माणसाच्या संगणकावरून तीन गोष्टी करून पाहा: ‘पक्के’मधला नकाशा उघडतो का, त्यात बदल करून जतन करताना अडवलं जातं का, आणि ‘कच्चे’मध्ये जतन होतं का. उत्तरं हो, हो आणि हो यायला हवीत.

हे सर्व्हर सार्वजनिक आहेत हे विसरू नका. विद्यार्थ्यांची पूर्ण नावं, हजेरी क्रमांक, चेहऱ्यांचे फोटो तिथल्या नकाशात नकोत.

सर्व्हरवर ठेवलेल्या नकाशाचं वेब पान आपोआप तयार होतं, त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. पालकांना किंवा मुलांना नकाशा दाखवायचा असेल तर तोच पत्ता पाठवा. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर असायची गरज नाही, मोबाइलचा ब्राउझर पुरतो. तुम्ही नकाशा सुधारून जतन केलात की त्याच पत्त्यावर नवं रूप दिसतं. फाइल पाठवण्यापेक्षा हे बरं ते याचसाठी.

चित्रं आणि दुवे कुठे तुटतात

‘बाष्पीभवन’च्या चौकटीवर फोटो ओढून टाकला की चौकटीखाली छोटं चिन्ह येतं. पुष्कळांना वाटतं की फोटो नकाशात गेला. फोटो वेगळी फाइल म्हणूनच राहतो, नकाशात फक्त त्याचा दुवा. फोटो तुमच्या संगणकावर आणि नकाशा तेवढा सर्व्हरवर अशी वाटणी झाली, की तुम्हाला सगळं व्यवस्थित दिसतं आणि बाकी सगळ्यांना त्रुटीचा संदेश.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी आपल्या संगणकावर, सीमॅपटूल्सच्याच खिडकीत, त्या नकाशासाठी एक फोल्डर करा. फोटो, पीडीएफ, ध्वनिफीत आधी त्या फोल्डरमध्ये आणा. मग तिथून चौकटींवर ओढा. काम झालं की अख्खा फोल्डर कॉपी करून सर्व्हरवर चिकटवा. नकाशा आणि त्याचं सामान एकत्र गेलं तर दुवे शाबूत राहतात. ही हलवाहलव सीमॅपटूल्समधूनच करा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून नावं बदलली किंवा फायली इकडच्या तिकडे केल्या, तर सॉफ्टवेअरला पत्ताच लागत नाही. मोबाइलवरचे फोटो आधी लहान करा; चौकटीखालून उघडणाऱ्या फोटोला 200 ते 300 केबी भरपूर झाले. चार-पाच एमबीचे दहा फोटो लावलेला नकाशा खेड्यातल्या जोडणीवर उघडता उघडता तास संपतो.

दोघं एकाच नकाशावर

सर्व्हरवरचा नकाशा एकाने बदलायला उघडला असेल आणि दुसऱ्याने उघडला, तर सॉफ्टवेअर विचारतं: एकत्र काम करायचं की नुसतं पाहायचं? एकत्र काम निवडलं तर पहिल्याकडे विनंती जाते आणि त्याने ती मान्य केली की दोघांचे बदल दोघांना दिसत राहतात. ही सोय दोघांतिघांपुरती छान आहे. सहा जण शिरले की चौकटी पायाखालून सरकायला लागतात. नकाशाचे तुकडे करा: मुख्य नकाशात 15 ते 25 संकल्पना, आणि ‘भूजल’सारख्या चौकटीला स्वतंत्र उपनकाशाचा दुवा. मग प्रत्येकाचा तुकडा वेगळा, धक्काबुक्की नाही.

इंटरनेट नसेल तर: संगणक कक्षातला फोल्डर

एक संगणक निवडा जो कामाच्या वेळात चालू राहील. त्याची झोप बंद करा, म्हणजे पॉवर सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’ समोर ‘नेव्हर’. ‘काल दिसत होता, आज दिसत नाही’ या तक्रारीचं सगळ्यात साधं कारण हेच निघतं. संगणकाचं नाव रोमन अक्षरांत, 15 अक्षरांच्या आत ठेवा. नेटवर्क सेटिंग्जमध्ये जोडणीचा प्रकार ‘प्रायव्हेट’ हवा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज दार लावून बसतं.

फोल्डर डॉक्युमेंट्सच्या आत नको, थेट डी ड्राइव्हवर करा. त्याच संगणकावर दोन स्थानिक खाती बनवा, एक लेखकांसाठी, एक वाचकांसाठी. दोन्हींना पासवर्ड हवाच. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि पिनने उघडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पिन फक्त त्या संगणकासमोर बसून चालतो. दुसऱ्या संगणकावरून येताना पूर्ण पासवर्डच लागतो.

फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये परवानग्यांची दोन पानं आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. ‘शेअरिंग’ हे वाड्याचं फाटक, ‘सिक्युरिटी’ हे खोलीचं दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, जिथे जास्त बंदी तिचंच चालतं. सोपा मार्ग असा: ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये दोन्ही खात्यांना ‘चेंज’पर्यंत मोकळीक द्या, ‘एव्हरीवन’ काढून टाका. मग ‘सिक्युरिटी’मध्ये लेखकाला ‘मॉडिफाय’ आणि वाचकाला ‘रीड’ द्या. आतल्या ‘पक्के’ फोल्डरवर लेखकालाही फक्त ‘रीड’. त्यासाठी तिथे वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परवानग्यांचा वारसा आधी तोडावा लागतो: ‘अॅडव्हान्स्ड’, मग ‘डिसेबल इनहेरिटन्स’. ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ ही नोंद असेल तर तीही काढा, नाहीतर वाचक तिच्या आडून लेखक होतो. ‘अॅडमिनिस्ट्रेटर्स’ला हात लावू नका.

दुसऱ्या संगणकावर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत असं लिहा: दोन उलट्या तिरप्या रेघा, संगणकाचं नाव, एक उलटी तिरपी रेघ, फोल्डरचं शेअर-नाव. खातं विचारलं की संगणकाचं नाव, उलटी तिरपी रेघ आणि खात्याचं नाव असं पूर्ण लिहा, नाहीतर विंडोज ते खातं इथल्याच संगणकावर शोधतं. एकदा वाचक म्हणून आत गेलात आणि मग त्याच बैठकीत लेखक म्हणून जायचं म्हटलंत तर 1219 क्रमांकाची त्रुटी येते: एका संगणकाशी एका वेळी एकच ओळख. साइन आउट करून परत आलात की सुटतं.

दोन मर्यादा आधीच माहीत असाव्यात. घरगुती किंवा प्रो विंडोज 10 आणि 11 एका वेळी 20 जोडण्याच घेतात. चाळीस मुलांच्या वर्गाने एकदम उघडायला गेलं तर एकविसावा बाहेरच राहतो. मुलांसाठी पीडीएफ काढून आदल्या दिवशी सगळ्या संगणकांवर टाकून ठेवा. आणि वायफायवर, विशेषतः पाहुण्यांसाठीच्या जोडणीवर, अनेक राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. तशा वेळी परवानग्या कितीही तपासल्या तरी हाती काही लागत नाही, तार जोडून बघा.

या रस्त्यावर सीमॅपटूल्सचं ‘एकत्र काम’ मिळत नाही. विंडोजला नकाशातलं काही कळत नाही, जो शेवटी जतन करतो त्याचं राहतं. म्हणून उचल-ठेव पद्धत वापरा: काम करणाऱ्याने नकाशा ‘कच्चे’मधून आपल्या संगणकावर हलवावा, कॉपी करू नये. जागेवर फाइलच नाही म्हणजे ती कोणाच्या तरी हातात आहे. काम झालं की ‘एक्सपोर्ट’मधून सीएक्सएल या सीमॅपटूल्सच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात परत ठेवावी, समोरचा ती ‘इम्पोर्ट’ने उघडेल. सीएक्सएलमध्ये चौकटी, रेघा, मांडणी जाते, जोडलेल्या फायली जात नाहीत, तेव्हा फोटो बाजूच्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवा आणि पक्का नकाशा जिथे कायम राहणार तिथेच दुवे लावा.

प्रती आणि बदल्या

दर शुक्रवारी ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. प्रतीच्या फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ 2025-06-20. दिवस पुढे ठेवला तर यादीत जून आणि जानेवारी एकमेकांत मिसळतात. सर्व्हरवरच्या फोल्डरचीही प्रत हवी. तो फुकट मिळालेला सर्व्हर आहे, आपल्या सामानाची राखण आपणच करायची.

जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात आणि फोल्डरचा कारभारी पासवर्डसकट दुसऱ्या तालुक्यात निघून जातो. बदलीचा आदेश हातात पडला की त्याच दिवशी त्याच्या ओळखीने फोल्डर उघडून नव्या माणसाला कारभारी नोंदवा, नव्याच्या संगणकावरून एक फोल्डर बनवून आणि पुसून खात्री करा, आणि मगच जुनी नोंद काढा. पासवर्डचं पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात, वर तारीख घालून.